नाविकांना दालन मिळाले, डोंगराचे काय?

पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेली हवाई बेटे आज अमेरिकेचे पन्नासावे राज्य म्हणून ओळखली जातात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटावर हिलो नावाचे शहर आहे आणि तेथील विद्यापीठाच्या आवारात ‘इमिलोआ’ नावाचे खगोलशास्त्राचे संग्रहालय आहे. ते फेब्रुवारी २००६ मध्ये उघडले. खर्च सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर. पैसा मुख्यतः ‘नासा’मार्फत आला आणि तो मिळवून देण्यात सिनेटर डॅनियल इनोये यांचा मोठा हात होता. टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेले तीन शंकू हे या इमारतीचे रूप. मौना केआ, मौना लोआ आणि हुआलालाई या बेटावरील तीन ज्वालामुखी पर्वतांची ती खूण आहे. ‘इमिलोआ’ या हवाईयन शब्दाचा अर्थ दूरवर शोध घेणे असा होतो. आतील फलक हवाईयन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहेत.

जगात विज्ञान संग्रहालये पुष्कळ आहेत. मग याच संग्रहालयावर आम्ही अग्रलेख का लिहावा? कारण येथे एक वेगळी गोष्ट घडली आहे. आजवरचा शिरस्ता असा की, जिंकलेल्या लोकांच्या होड्या, भाले, मुखवटे आणि गवताचे घागरे एका इमारतीत ठेवायचे, तिला मानववंशशास्त्र म्हणायचे. आणि दुर्बिणी, ग्रहगोल व आकाशाचे नकाशे दुसऱ्या इमारतीत ठेवायचे, तिला विज्ञान म्हणायचे. पहिल्या इमारतीत माणसे बघण्याची वस्तू होतात, दुसऱ्या इमारतीत माणसे बघणारी असतात. हिलोमध्ये ही भिंत पाडण्यात आली. ताऱ्यांच्या आधाराने हजारो मैल समुद्र ओलांडणारा पॉलिनेशियन नाविक आणि मौना केआच्या माथ्यावर दुर्बीण लावून बसलेला शास्त्रज्ञ, या दोघांना एकाच छताखाली, एकाच विद्येचे दोन साधक म्हणून उभे केले गेले. आम्ही याचे स्वागत करतो. परंतु स्वागत करून थांबता येत नाही. दालनात ज्याला मान मिळाला, त्याला डोंगरावर काय मिळाले, हा सवाल विचारल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

आधी मान कशासाठी ते पाहू. उत्तरेला हवाई, नैर्ऋत्येला न्यूझीलंड आणि आग्नेयेला रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, असा एक प्रचंड त्रिकोण काढा. या त्रिकोणातले जवळपास प्रत्येक राहण्याजोगे बेट पॉलिनेशियन लोकांनी शोधले आणि वसवले. हवाईत माणूस पोचला तो साधारण हजार-अकराशेच्या सुमारास. जवळ होकायंत्र नाही, लोखंड नाही, कागद नाही. दोन लांब होड्या आडव्या लाकडांनी एकत्र बांधलेली जोडहोडी, विणलेले शीड, नारळाच्या काथ्याचे दोर आणि तांडेलाच्या डोक्यातले आकाश, एवढाच सरंजाम! १७६९ मध्ये कॅप्टन कुक ताहितीला गेला, तेव्हा तुपाया नावाचा तेथील जाणकार त्याच्या जहाजावर चढला. दूरदूरच्या बेटांची नावे त्याला पाठ होती, त्यांच्या दिशा तो सांगत होता, आणि त्याच्या माहितीवरून काढलेला नकाशा आजही अभ्यासला जातो. हे लोक सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांच्या आधाराने शेकडो कोस प्रवास करतात, अशी नोंद खुद्द कुकने केली. म्हणजे डोळ्यांनी पाहणाऱ्या दर्यावर्दीला शंका नव्हती.

शंका आली ती नंतरच्या, खुर्चीत बसणाऱ्या विद्वानांना. १९४७ मध्ये थोर हेयरडाल हे नॉर्वेचे साहसी गृहस्थ पेरूहून तराफ्यावर बसून निघाले आणि १०१ दिवसांनी तुआमोटू बेटांवर आदळले. वारा आणि प्रवाह ज्या दिशेला नेतात त्याच दिशेने, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून, पॉलिनेशियात वस्ती झाली असे त्यांचे म्हणणे. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प यांनी पुस्तक लिहून मांडले की, दूरचे प्रवास ठरवून करण्याइतके नौकानयन या लोकांना येतच नव्हते. वादळात भरकटत ते योगायोगाने बेटांना लागले असतील. या युक्तिवादाचा गाभा आमच्या वाचकांना ओळखीचा वाटेल. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांच्याकडे विद्या नव्हती. त्यांनी काही करून दाखवले असेल तर तो अपघात. आणि अपघात नसेल तर ते दुसऱ्या कोणाकडून आले असेल!

या मताचा निकाल पुराव्याने लागला, हे महत्त्वाचे. १९७३ मध्ये संशोधकांनी वारे आणि प्रवाह यांच्या नोंदी संगणकात भरून भरकटणाऱ्या होड्यांचे हजारो काल्पनिक प्रवास चालवून पाहिले. हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट येथे केवळ वाहत जाऊन पोचणे जवळजवळ अशक्य ठरले. पुढे २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. तुआमोटू बेटांवर सापडलेल्या जुन्या दगडी वाकसांपैकी एकाचा दगड रासायनिक तपासणीत हवाईच्या काहोओलावे बेटाचा निघाला. अंतर सुमारे ४ हजार किलोमीटर. दगड काही पाण्यावर तरंगत जात नाही.

पण सर्वांत मोठा पुरावा समुद्रावरच दिला गेला. १९७३ मध्ये हवाईत ‘पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी’ स्थापन झाली. चित्रकार हर्ब काने, मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी आणि दर्यावर्दी टॉमी होम्स हे तिचे संस्थापक. त्यांनी जुन्या पद्धतीची जोडहोडी बांधली. ८ मार्च १९७५ रोजी ती पाण्यात उतरली. तिचे नाव ‘होकुलेआ’, म्हणजे आनंदाचा तारा. होडी झाली, पण तिला वाट दाखवणारा कोण? हवाईत ती विद्या जाणणारा एकही माणूस उरला नव्हता. शेवटी तो सापडला तो पॉलिनेशियातही नव्हे, तर मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावर. माऊ पियाइलुग त्याचे नाव. आजोबांनी त्याला लहानपणापासून हे शास्त्र शिकवले होते. वर्तुळात दगड मांडून, प्रत्येक दगड म्हणजे एका ताऱ्याच्या उगवण्या-मावळण्याची जागा असे गिरवून घेतले होते. १ मे १९७६ रोजी होकुलेआ माऊई बेटावरून निघाली आणि नकाशा, होकायंत्र, घड्याळ यांपैकी काहीही न वापरता माऊने ती ताहितीला नेली. ४ जूनला पापेएते बंदरात तिच्या स्वागताला सुमारे १७ हजार माणसे लोटली होती.

माऊचे आणखी एक काम आम्हाला या प्रवासाहून मोठे वाटते. सातावालच्या रिवाजाप्रमाणे ही विद्या घराण्यात आणि गुरुपरंपरेत राखायची होती, परक्याला द्यायची नव्हती. आपल्याच बेटावरची तरुण पिढी शिकत नाही आणि आपल्याबरोबर सारे बुडणार, हे ओळखून माऊने ती परक्यांना दिली. त्याबद्दल स्वकीयांचे बोलही खाल्ले. १९७८ मध्ये होकुलेआ दुसऱ्यांदा निघाली, तेव्हा ती मोलोकाईच्या खाडीत उलटली आणि मदत आणायला लाटांवरच्या फळीवर बसून निघालेला एडी आयकाऊ हा जीवरक्षक कायमचा नाहीसा झाला. त्या धक्क्यानंतर माऊ पुन्हा हवाईला आला आणि नाइनोआ थॉम्पसन या तरुणाला त्याने हाताशी धरून शिकवले. १९८० मध्ये नाइनोआने होडी ताहितीला नेली आणि परतही आणली. कित्येक शतकांनंतर हे करणारा तो पहिला हवाईयन. २००७ मध्ये माऊने सातावालवर पाच हवाईयनांना रीतसर ‘प्वो’, म्हणजे पारंगत नाविक, ही पदवी दिली. २०१० मध्ये तो वारला. विद्या राखून ठेवल्याने नव्हे, वाटल्याने जगली, याचा इतका स्वच्छ दाखला विरळाच.

आता हे शास्त्र चालते कसे ते सांगितले पाहिजे, नाहीतर वाचक त्याला गूढविद्या समजेल. यात गूढ काही नाही. तारा रोज क्षितिजावर एकाच ठिकाणी उगवतो आणि एकाच ठिकाणी मावळतो. नाविक क्षितिजाचे ३२ भाग कल्पून प्रत्येकाला घर म्हणतो आणि कोणता तारा कोणत्या घरातून येतो हे पाठ ठेवतो. एक तारा वर चढला की त्याच घरातून उगवणारा पुढचा तारा धरायचा. दिशा अशी मिळते. उत्तर-दक्षिण किती अंतर कापले, हे कसे कळणार? ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपले अक्षांश. विषुववृत्त ओलांडले की ध्रुव दिसेनासा होतो. दक्षिणेला आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो त्या तारकासमूहाचा वरचा आणि खालचा तारा यांत सहा अंशांचे अंतर आहे. तो उभा असताना खालचा तारा क्षितिजापासून तेवढ्याच अंतरावर दिसला, तर आपण हवाईच्या अक्षांशावर आहोत. तिसरी खूण डोक्यावरच्या ताऱ्याची. होकुलेआ हे स्वातीच्या ताऱ्याचेच हवाईयन नाव. स्वाती आज हवाईच्या मोठ्या बेटाच्या बरोबर डोक्यावरून जाते. ताहितीच्या डोक्याजवळून जातो तो व्याध. आणि वाचकांना गंमत वाटेल, मुंबई आणि हिलो जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्याने मे-जूनच्या रात्री मुंबईकराच्या डोक्यावर येणारा तारा तोच, स्वाती!

ढग आले तर? तर लाटा. दूरच्या वाऱ्यांनी उठलेल्या मोठ्या लाटा कित्येक दिवस आपली दिशा सोडत नाहीत. त्या होडीला कशा हलवतात ते नाविक अंगाने ओळखतो. बेट जवळ आले की काही समुद्रपक्षी पहाटे किनाऱ्यावरून निघून संध्याकाळी परततात, त्यांचा मार्ग धरायचा. या सर्वांच्या जोडीला वेगाचा आणि दिवसांचा हिशेब मनात अखंड चालू. म्हणूनच नाविक प्रवासात फार थोडे झोपतो. निरीक्षण, नोंद, अनुमान, पडताळा हीच ती पायरी. फक्त नोंदवही डोक्यात असते आणि पडताळा चुकला तर माणसे मरतात.

आधुनिक खगोलशास्त्राशी या विद्येचे नाते कृत्रिम नाही. नाइनोआ ताऱ्यांचा अभ्यास करायला होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाच्या तारांगणात जात असे. तेथील विल किसेल्का यांनी त्याला हव्या त्या अक्षांशावरचे, हव्या त्या रात्रीचे आकाश घुमटावर पुन्हा पुन्हा फिरवून दाखवले. महिनोन्‌महिने समुद्रावर पाहावे लागले असते ते दिवसांत पाहता आले. तारांगण आणखीही एक गोष्ट दाखवते. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलत असल्याने आकाश शतकानुशतके सरकते. हजार वर्षांपूर्वी स्वाती आजच्यापेक्षा सुमारे पाच अंश उत्तरेला होती. म्हणजे पहिले नाविक हवाईला आले तेव्हा ती या बेटांच्या डोक्यावरून जात नव्हती! व्याध मात्र तेवढ्या काळात जेमतेम एक अंश हलला. तेव्हा आजचे नाविक जी खूण वापरतात तीच जशीच्या तशी पूर्वजांची होती, असे मानण्याचे कारण नाही. आम्हाला यात कमीपणा दिसत नाही. आकाश सरकले तसे नाविक नव्या खुणा शिकले असणार. परंपरेला दगडात कोरून पुजणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण जी विद्या बदलते ती जिवंत असते.

येथे संग्रहालयाशी आमचा एक मतभेद आहे, तोही सांगून टाकतो. विश्वाच्या उत्पत्तीच्या दालनात महास्फोटाचा सिद्धांत आणि ‘कुमुलिपो’ हे हवाईयन सृष्टिगीत शेजारी शेजारी मांडले आहे. कुमुलिपो हे थोर मौखिक वाङ्मय आहे आणि त्याला मान मिळालाच पाहिजे. परंतु नाविकाचे ज्ञान आणि सृष्टिगीत या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. पहिले समुद्रावर खरे-खोटे करता येते, दुसरे करता येत नाही. ते करण्यासाठी रचलेलेही नाही. दोन्ही एकाच पंक्तीत बसवले की नाविकाच्या शास्त्राला कुबडी लागल्यासारखे वाटते, जिची त्याला मुळीच गरज नाही. हा भेद आम्हाला का टोचतो? जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, म्हणून. हवाईच्या लोकांनी पूर्वजांकडे होडी होती असे नुसते भाषण केले नाही. त्यांनी होडी बांधली आणि अडीच हजार मैल चालवून दाखवली.

भाषेची बाजू थोडक्यात. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकी व्यापारी आणि मळेवाल्यांच्या गटाने, बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकी युद्धनौकेच्या सैनिकांच्या छायेत, राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि मुलांच्या तोंडून हवाईयन भाषा जाऊ लागली. १९७८ मध्ये राज्यघटनेत ती पुन्हा राजभाषा झाली, १९८० च्या दशकात पालकांनी तिच्या बालवाड्या सुरू केल्या. त्या भाषेचा आज आकाशावरही ठसा आहे. २०१७ मध्ये माऊई बेटावरच्या दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ज्ञात पाहुणा दिसला, त्याचे नाव ‘ओउमुआमुआ’. २०१९ मध्ये ज्या कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले, त्याला हिलोचे भाषातज्ज्ञ प्राध्यापक लॅरी किमुरा यांनी ‘पोवेही’ हे नाव दिले. खगोलीय वस्तूंना हवाईयन नावे देण्याचा उपक्रमच इमिलोआने चालवला असून त्यात शाळकरी मुलेही भाग घेतात.

इथवरची हकीकत गोड आहे. आता डोंगराकडे वळू.

मौना केआ सुमारे ४,२०० मीटर उंच. हवा कोरडी, आकाश स्वच्छ. दुर्बिणीसाठी पृथ्वीवरच्या सर्वोत्तम जागांपैकी एक. हवाईयन लोकांना तो पूज्य आहे आणि त्यांच्या पूर्वजांची ती श्रमाची जागाही होती; माथ्याजवळच्या उतारावर दगडी वाकस घडवण्याची विस्तीर्ण खाण आहे. ही जमीन मूळ हवाई राज्याची आणि राजगादीची. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे खालसा केली तेव्हा अशी सुमारे १८ लाख एकर जमीन तिच्याकडे गेली. १९५९ मध्ये हवाई राज्य झाले तेव्हा यातली बरीचशी जमीन न्यास म्हणून राज्याला मिळाली आणि मूळ हवाईयनांचे हित हा त्या न्यासाचा एक हेतू कायद्यात लिहिला गेला. १९९३ मध्ये तर अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून शंभर वर्षांपूर्वीच्या राज्य उलथवण्याबद्दल माफी मागितली. माफी मिळाली, जमीन मिळाली नाही. वकील म्हणून आम्ही एवढेच म्हणू की, गुन्ह्याची कबुली देऊन मुद्देमाल स्वतःकडेच ठेवणारा आरोपी आम्ही तरी पाहिलेला नाही.

१९६८ मध्ये राज्याने माथ्यावरची ११ हजारांहून अधिक एकर जमीन विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. भाडे वर्षाला एक डॉलर! पट्ट्यात शब्द एका वेधशाळेचा होता. दुर्बिणी झाल्या १३. १९९८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनीच डोंगराच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. आणि मग तीस मीटर व्यासाच्या महाकाय दुर्बिणीचा, ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’चा, प्रस्ताव आला. २०११ मध्ये जमीन मंडळाने परवाना मंजूर केला आणि हरकतदारांची पुराव्यासह सुनावणी त्यानंतर घेतली. आधी निकाल, मग सुनावणी! दुसऱ्या बाजूचे ऐका, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला धडा. डिसेंबर २०१५ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणावरून परवाना रद्द केला. पुन्हा सुनावणी झाली, ४४ दिवस साक्षी झाल्या, मंडळाने पुन्हा परवाना दिला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा मतांनी कायम केला. बहुमताच्या युक्तिवादातला एक धागा असा की, डोंगराची हानी आधीच इतकी झाली आहे की या एका बांधकामाने तिच्यात निर्णायक भर पडत नाही. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती मायकल विल्सन यांनी याला ऱ्हासाचे तत्त्व म्हटले. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. आधीच्या अतिक्रमणाने पुढच्या अतिक्रमणाचा हक्क तयार होत असेल, तर संरक्षणाचा कायदा हवाच कशाला?

जुलै २०१९ मध्ये बांधकामाची यंत्रे निघाली, तेव्हा लोक रस्त्यावर बसले. १७ जुलैला तीसहून अधिक वृद्धांना पोलिसांनी अटक केली. पांढऱ्या केसांची ती माणसे शांतपणे खुर्च्यांवर बसली होती. काम थांबले ते थांबलेच.

आता अवघड प्रश्न. आम्ही विज्ञानाच्या बाजूचे. देवाची जागा आहे म्हणून दुर्बीण नको, हा युक्तिवाद आम्ही कसा मान्य करावा? आम्ही तो तसा मान्य करत नाहीच. उद्या आपल्याकडे कोणी टेकडीवर देव आहे म्हणून शाळा नको म्हटले, तर आम्ही शाळेच्या बाजूने उभे राहू. परंतु मौना केआचा वाद श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा रंगवणे ही सोयीस्कर लबाडी आहे. हवाईचे लोक आकाश पाहण्याच्या विरुद्ध कधीच नव्हते. १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहायला ब्रिटिश तुकडी आली, तेव्हा राजे कालाकाउआ यांनी तिचे स्वागत केले; हे राजे खगोलशास्त्राचे शौकीन होते. आजही मूळ हवाईयनांत या दुर्बिणीला पाठिंबा देणारे आहेत, विरोध करणारे आहेत, आणि दुर्बिणीवर नोकरी करणारेही आहेत. वाद आहे तो मालकाला विचारले का, याचा. परवानगी मागितली असती तर ती नाकारण्याचाही हक्क त्यात आला असता, आणि नेमका तोच हक्क कोणाला द्यायचा नव्हता.

म्हणूनच इमिलोआकडे आम्ही दोन डोळ्यांनी पाहतो. एका डोळ्याला दिसते की, तेथे हवाईयन मूल आपल्या भाषेत फलक वाचते आणि आपले पूर्वज वाट चुकून आलेले भणंग नव्हते हे पुराव्यासह शिकते. ही लहान गोष्ट नाही. दुसऱ्या डोळ्याला दिसते की, डोंगरावरील दुर्बिणींच्या उद्योगाला लोकांच्या गळी उतरवण्यासाठीही असे संग्रहालय उपयोगी पडते. तेथे काम करणाऱ्या हवाईयन मंडळींवर आमचा रोख नाही. मिळालेल्या जागेचा त्यांनी आपल्या लोकांसाठी पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. रोख आहे तो गौरव देऊन निर्णय आपल्याकडे ठेवणाऱ्या व्यवस्थेवर. तिच्यात थोडा फरक पडला आहे, तो वृद्ध रस्त्यावर बसल्यानंतर. २०२२ च्या कायद्याने डोंगराचा कारभार विद्यापीठाकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे देण्याचे ठरले. त्यात मतदानाचा हक्क असलेले ११ सदस्य असून डोंगराच्या परंपरेशी वंशाने वा आचाराने जोडलेल्यांना जागा आहे. पूर्ण हस्तांतर १ जुलै २०२८ रोजी व्हायचे आहे. २०२४ मध्ये दोन जुन्या दुर्बिणी पाडून जागा मोकळी करण्यात आली.

यात आपला काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी शेवटची माहिती. या तीस मीटरच्या दुर्बिणीत भारत भागीदार आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर केले. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, नैनितालची ‘एरीज’ आणि आपल्या पुण्याची ‘आयुका’ या संस्था त्यात आहेत. आरशाचे काही तुकडे भारताने घडवून द्यायचे आहेत. २०१५ पासून पर्यायी जागांचा विचार झाला, त्यात लडाखमधील हानले हेही नाव होते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने या दुर्बिणीला अंतिम आराखड्याच्या टप्प्यात नेण्यास नकार दिला आणि चिलीतील प्रतिस्पर्धी दुर्बीण निवडली. जुलै २०२५ मध्ये स्पेनने ला पाल्मा बेटावर जागा व ४० कोटी युरो देऊ केले. म्हणजे जागेचा प्रश्न पुन्हा टेबलावर आहे आणि भागीदार म्हणून भारताला मत आहे.

हा पैसा आमच्या वाचकांच्या करातून जाणारा आहे. तेव्हा आमची मागणी साधी आहे. केंद्र सरकारने संसदेत एका ओळीत उत्तर द्यावे: मौना केआवर बांधकाम करायचे झाल्यास तेथील मूळ लोकांची संमती ही भारताच्या सहभागाची अट असेल की नसेल? आणि उद्या हीच दुर्बीण हानलेला आणायचे ठरले, तर तेथील चांगपा मेंढपाळांना हाच प्रश्न परवान्याच्या आधी विचारला जाईल की नंतर?